घटनांचे नियम आणि चित्रभाषा

टाकीतील पातळी खाली गेली की पंप सुरू व्हावा, टाकी भरली की बंद व्हावा, हा नियम पाणीपुरवठ्याचे काम पाहणारा कर्मचारी सहज सांगतो. तोच संगणकाच्या आज्ञावलीत लिहावयाचा झाला की त्याला तज्ज्ञाकडे जावे लागते आणि सांगितले एक, उतरले दुसरेच, असे घडते. कामाची माहिती असणाऱ्यालाच नियम मांडता यावा, यासाठी चित्रभाषा उपयोगी पडतात.

यांतील एक अत्यंत यशस्वी भाषा कारखान्यात जन्मली. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागास रिले व तारांच्या जंजाळाऐवजी सहज बदलता येईल असे नियंत्रक साधन हवे होते. त्या सुमारास डिक मोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन’ नियंत्रक सिद्ध केला. अशा नियंत्रकांसाठी शिडी-आकृतीची भाषा रूढ झाली : दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या, डावीकडे अट, उजवीकडे क्रिया. रिलेच्या अशा आकृत्या वीजतंत्री पूर्वीपासून वाचीत होतेच. भाषेच्या यशाचे खरे कारण हेच होय.

२०१३ मध्ये आयबीएममधील निक ओ’लिअरी व डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी ‘नोड-रेड’ तयार केले. यात पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडावयाच्या असतात. घटनेचा संदेश एका चौकटीतून दुसरीत जातो.

जोडणी सोपी असली तरी नियम अचूक असेलच असे नाही. समजा, पंप चालू झाला, परंतु विहीर आटल्यामुळे दहा मिनिटांत पातळी वाढलीच नाही. येथे नियमाला न घडलेली घटना ओळखावयाची असते. त्यासाठी ‘ट्रिगर’ ही चौकट आहे : ठरलेल्या वेळेत नवा संदेश आला नाही, तर ती इशारा पाठविते. मात्र पातळीमापक दर मिनिटास तीच नोंद पाठवीत राहिला आणि प्रत्येक संदेशाने मुदत वाढेल अशी योजना असली, तर मुदत कधीच संपत नाही. चित्र निर्दोष दिसते, इशारा मिळत नाही आणि पंप कोरडा चालून जळतो. म्हणून पातळी वाढल्याची नोंद तेवढी पुढे सोडावी लागते. पंप बंद होताच मुदतीची मोजणीही थांबवावी लागते. एरवी भरलेल्या टाकीवर इशारा वाजेल.

अशा चुका कागदावर दिसत नाहीत. पंप जोडण्यापूर्वी ‘इंजेक्ट’ चौकटीतून खोट्या नोंदी सोडून आणि ‘डिबग’ चौकटीत परिणाम पाहून त्या पकडता येतात. विहीर कोणत्या महिन्यात आटते, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच या नोंदी निवडाव्यात.