रणवाद्य, पोवाडा आणि हिंसा

आक्रमक संगीत माणसाला हिंसेस प्रवृत्त करते, हे मत सामान्यतः निर्विवाद मानले जाते. त्यात मात्र युद्धात वाजणारे वाद्य आणि युद्धानंतर गायिले जाणारे गीत ह्यांची सरमिसळ होते.

नगारा, कर्णा व शिंग ही रणवाद्ये मुख्यतः इशाऱ्याची साधने होत. राजस्थानात ह्या इशाऱ्याला शब्दांची जोड मिळाली. रणाकडे निघालेल्या योद्ध्यांसमोर चारण व ढोली सिंधू रागातील गीते गात. पूर्वजांच्या पराक्रमाचे स्मरण देऊन माघारीची लाज वाटावयास लावणे, हा त्यांचा हेतू असे. १८५७ च्या सुमारास बूंदीच्या सूर्यमल्ल मिश्रण ह्यांनी रचलेल्या ‘वीर सतसई’मागेही हीच प्रेरणा दिसते.

मराठी पोवाड्याचे कार्य निराळे आहे. अफजलखानाच्या वधावरील (१६५९) अगिनदासाचा व सिंहगडाच्या लढाईवरील (१६७०) तुळशीदासाचा पोवाडा, दोन्ही घडून गेलेल्या घटनेचे कथन करतात. डफ-तुणतुण्याच्या साथीने आवेश वाढत असतानाच शाहीर मध्येच थांबून गद्यात हकीकत सांगतो. त्यामुळे श्रोता सर्वस्वी बेभान होत नाही. १७६१ च्या पानिपतावरही पोवाडे झाले. म्हणजे पराभवाचा शोकही ह्याच डफाने वाहिला.

भरताने वीररसाचा स्थायी भाव उत्साह व रौद्राचा क्रोध मानला आहे. हा भेद येथे निर्णायक ठरतो. उत्साहाला कोणतेही कार्य चालते. क्रोधाला शत्रूच लागतो. म्हणूनच जोतीराव फुले १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरील पोवाडा शेतकऱ्यांच्या आत्मसन्मानाकडे वळवू शकले. अमर शेख, अण्णा भाऊ साठे व गवाणकर ह्यांनी तोच आवेश संयुक्त महाराष्ट्राच्या लोकलढ्यात आणला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली; त्यांतील बहुतेक पोलिसांच्या गोळीबारात.

तथापि पोवाडा सर्वथा निर्दोष नव्हे. त्यात आपल्या वीराचे नाव, गाव, घरदार येते. शत्रूपक्षाचे सामान्य शिपाई मात्र बहुधा अनाम मरतात. उत्साहाचे रूपांतर क्रोधात होण्याची वाट येथूनच जाते. तेव्हा अशा गीताचा विचार करताना त्याच्या नादाची उग्रता मोजण्यापूर्वी, त्यात कोणाच्या मृत्यूला नाव दिले आहे व कोणाच्या नाही, हे अभ्यासकाने पाहावयास हवे.