गळवं पुन्हापुन्हा होतात? आधी पू तपासून घ्या

एक गळू बसतं न बसतं तोच दुसरं उठतं, आज काखेत, महिन्याभराने मांडीवर. अशा घरात पैसे सर्वाधिक जातात ते औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या गोळ्यांवर, आणि तेच बहुधा वाया जातात. या गळवांमागे बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो. सर्रास हातावर ठेवली जाणारी सेफिक्झिम त्याच्यावर फारशी चालत नाही. जंतू एमआरएसए जातीचा असेल, तर नेहमीच्या बऱ्याच गोळ्या निकामी ठरतात.

खालचे आकडे खासगी दरांचे, ढोबळ आहेत. शहर आणि दवाखाना बदलला की ते बदलतात.

पिकलेल्या गळवाचा मुख्य इलाज म्हणजे चिरा देऊन पू काढणं. जागा बधिर करून लहान दवाखान्यात हे काम साधारण २,००० ते ५,००० रुपयांत होतं. घरी पिळू नका. चिरा देतानाच डॉक्टरांना सांगा, ‘पू कल्चरला पाठवा.’ खर्च ६०० ते १,२०० रुपये, रिपोर्ट दोन-तीन दिवसांत. कोणती औषधं लागू पडतील, हे त्यात लिहिलेलं असतं. नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यावा, नाहीतर कधीकधी जंतू वाढत नाहीत आणि पैसे फुकट जातात. रिपोर्ट जपून ठेवा; पुढच्या वेळी तोच कामी येतो.

दुसरी तपासणी साखरेची. उपाशीपोटी साखर शंभर-दीडशे रुपयांत, एचबीएवनसी ४०० ते ७०० रुपयांत होते. न कळलेला मधुमेह कितीतरी वेळा गळवांमुळेच उघड होतो, म्हणून ही टाळू नये. महागडी ‘प्रतिकारशक्ती पॅकेजं’ मात्र सरसकट करू नका. अगदी लहानपणापासून गळवं होत असतील, तर तो विचार डॉक्टरांनी करायचा. गळू दरवेळी काखेत किंवा माकडहाडाशी त्याच जागी येत असेल, तर तो आजारच वेगळा असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन गाठा.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात त्रास न देता राहतो. म्हणून डॉक्टर पाच दिवसांचा एक कार्यक्रम देतात: नाकपुड्यांत दोनदा म्युपिरोसिन मलम, रोज क्लोरहेक्सिडिनने मानेखाली अंघोळ, आणि टॉवेल, चादरी, अंतर्वस्त्रं रोज गरम पाण्यात धुणं. माणशी ३०० ते ६०० रुपये धरा. घरात आणखी कुणाला गळवं होत असतील, तर सगळ्यांनी एकदमच करावं. एकट्याने केलं तर जंतू घरातल्या घरात फिरत राहतो. टॉवेल आणि रेझर ज्याचा त्याचा. उरलेलं मलम मनाने लावत राहू नका, जंतू त्यालाही दाद देईनासा होतो.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. कल्चरची सोय तिथेच आहे का, हे आधी विचारा. लिहून दिलेली औषधं जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळू शकतात.

ताप-थंडी, झपाट्याने पसरणारी लाली, असह्य वेदना, किंवा नाकाजवळचं, वरच्या ओठावरचं गळू असेल, तर खर्चाचा हिशेब न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.