बातमीतला मनोरुग्ण आणि घरातला

10 डिसेंबर 2024 ला परभणीच्या रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि लगेच मोबाइलवर ‘माथेफिरूचं कृत्य’ अशा बातम्या येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, धरपकड. 15 तारखेला, या धरपकडीत पकडलेल्या आणि न्यायालयीन कोठडीत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू. विटंबना करणारा आरोपी मनोरुग्ण असल्याचं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. कुणी म्हणे, वेड्याचं काय मनावर घ्यायचं. कुणी म्हणे, वेडाचं सोंग आहे, सूत्रधार वेगळाच. तपासाची मागणी रास्तच होती. पण दोन्हीकडे आजार म्हणजे पळवाट ठरली.

माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या वेळेवर असल्या की दादा म्हशीची धार काढतो, डेअरीला दूध घालून येतो. त्या आठवड्यात हॉटेलात त्याच्यादेखत मला एकाने विचारलं, “तुमचा दादा बी गोळ्यावरच हाय ना? ध्यान ठेवा बरं.” दादा काही बोलला नाही. घरी येऊन त्याने गोळ्या बंद केल्या. गोळ्या खातो म्हणून लोक वेडा समजतात, तर खायच्याच नाहीत! त्याचा हिशोब सरळ होता. आधी झोप गेली, मग एकट्याने बोलणं सुरू झालं. घडी परत बसेपर्यंत उन्हाळा लागला.

आमच्याकडे कुणी तोडफोड केली की डॉक्टरच्या आधी बातमीच निदान करते. शेतकऱ्याने जीव दिला तर मात्र कर्ज आणि नापिकी, बस्स. दोन्ही खरंच असतं. पण तो माणूस कधीपासून झोपला नव्हता, बोलणं का टाकलं होतं, त्याला डिप्रेशन होतं का, हे कोण विचारतो? सरकारने 2015 मध्ये परभणीसह 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला तो याचसाठी. प्रेस कौन्सिलनेही 2019 मध्ये आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागा, फोटो, भडक मथळा नको म्हणून सांगितलं. आपापला पेपर उघडून पाहा.

घरात मानसिक आजाराचा पेशंट असेल, तर परभणीसारखी बातमी गाजू लागली की गावाच्या आधी तुम्हीच त्याच्याशी बोला. टीव्ही बंद करून भागत नाही, बातमी चहाच्या टपरीवर गाठतेच. तेवढे दिवस गोळ्यांची पाकिटं मोजत जा.

दारात कॅमेरा आला तर नाही म्हणायला कचरू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, रुग्णालयात उपचार घेणाऱ्या अशा रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. (व्हिडिओ काढणारा बऱ्याचदा आपलाच पुतण्या असतो, त्यालाही बजावा.)

पेपरात वेडंवाकडं छापून आलंच, तर कात्रण ठेवा आणि आधी संपादकाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार जाते. दैनिक-साप्ताहिकासाठी मुदत छापल्यापासून दोन महिने. कौन्सिल दंड करत नाही, ताशेरे ओढते. तरी लिहा, संपादकाच्या टेबलावर कागद पडलेला बरा.

आणि रात्री-अपरात्री घरात बिनसलं तर 14416, ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलतात. फोन पेशंटनेच करायला हवा असं नाही, घरच्या कुणीही केला तरी चालतो.