दोन देश, एक रस्ता : आयर्लंडची सीमा

सीमा म्हटली म्हणजे काटेरी तारांचे कुंपण, पहाऱ्याची चौकी, रस्त्यावर आडवा टाकलेला अडसर आणि पारपत्र तपासणारा अधिकारी असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. आपल्या उपखंडाचा अनुभव लक्षात घेता ते स्वाभाविकच आहे. परंतु युरोपच्या पश्चिम टोकाला, आयर्लंडच्या बेटावर अशी एक सीमा आहे की, मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशाला आपण ती केव्हा ओलांडली हे पुष्कळदा कळतही नाही. सुमारे ४९९ किलोमीटर लांबीच्या या सीमेच्या दक्षिणेस व पश्चिमेस आयर्लंडचे प्रजासत्ताक असून तिच्या आत उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंग्डमचा प्रदेश आहे. ही सीमा आज मोकळी असली तरी नेहमीच तशी नव्हती. तिचा शंभर वर्षांचा इतिहास हा एका अर्थी रस्त्यांचा इतिहास आहे, आणि त्याच दृष्टीने आपण तो येथे पाहणार आहोत.

रेषेचा जन्म

ब्रिटिश संसदेने १९२० साली केलेल्या आयर्लंडविषयक कायद्यान्वये बेटाची दोन भागांत विभागणी करण्यात आली. अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मानाघ, लंडनडेरी आणि टायरोन या सहा परगण्यांचे उत्तर आयर्लंड १९२१ साली अस्तित्वात आले. उरलेल्या सव्वीस परगण्यांना डिसेंबर १९२२ मध्ये आयरिश स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला. विभागणीसाठी नवी रेषा मात्र कोणी आखली नाही. परगण्यांच्या ज्या जुन्या हद्दी होत्या, त्याच दोन राज्यांच्या सीमा ठरल्या. या हद्दी कित्येक शतकांपूर्वी स्थानिक कारभारासाठी ठरलेल्या होत्या. त्यांवर कधी काळी जकात घेतली जाईल, सैनिक उभे राहतील, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

परिणामी सीमा ओढ्यांच्या, बांधांच्या व शेतांच्या कडेने वाटेल तशी वळणे घेत गेली. काही शेतकऱ्यांचे घर एका राज्यात राहिले आणि जमीन दुसऱ्या राज्यात गेली. पेटिगो नावाच्या गावात टर्मन नदीवरील पूल ओलांडला की राज्य बदलते. क्लोन्सहून कॅव्हनकडे जाणारा रस्ता तर अवघ्या काही मैलांत चार वेळा सीमा ओलांडतो. ही विचित्र स्थिती सुधारण्यासाठी न्यायमूर्ती रिचर्ड फीटम यांच्या अध्यक्षतेखाली एक सीमा आयोग नेमण्यात आला होता. परंतु त्याच्या शिफारशींचा सुगावा नोव्हेंबर १९२५ मध्ये एका वृत्तपत्राला लागला, दोन्ही बाजूंना गडबड उडाली आणि अहवाल बासनात गुंडाळून ठेवण्यात आला. तो प्रसिद्ध होण्यास १९६९ साल उजाडावे लागले. सीमा होती तशीच राहिली.

जकातीचा काळ

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. माणसांची ये-जा आणि मालाची ये-जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटन व आयर्लंड यांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशांत पारपत्राविना जाण्याची मोकळीक १९२० च्या दशकापासून आहे. या व्यवस्थेस 'समाईक प्रवासक्षेत्र' असे म्हणतात. मालाची गोष्ट मात्र निराळी होती. १ एप्रिल १९२३ पासून सीमेवर जकात सुरू झाली आणि पूर्वी बाजाराला जाण्याचा जो साधा रस्ता होता, तो आंतरराष्ट्रीय मार्ग बनला.

रस्त्यांचे आता प्रकार पडले. मोजक्याच रस्त्यांना 'मान्य रस्ते' ठरवून त्यांवर जकातनाके बसविण्यात आले. माल आणि मोटारी याच रस्त्यांनी न्यावयाच्या, त्याही ठरावीक वेळांत. उरलेले शेकडो रस्ते 'अमान्य' झाले. आपली मोटार पलीकडे नेणाऱ्यास हमी भरून एक पुस्तिका घ्यावी लागे व जाता-येता तीवर शिक्के मारून घ्यावे लागत. जे रस्ते क्लोन्स-कॅव्हनप्रमाणे दुसऱ्या राज्यात शिरून पुन्हा बाहेर येत, त्यांना 'सवलतीचे रस्ते' म्हणत. त्यांवरून न थांबता सरळ निघून जावे, एवढीच अट असे.

जेथे जकात असते, तेथे चोरटा व्यापारही असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन्ही बाजूंना निरनिराळ्या वस्तूंची टंचाई होती. त्यामुळे लोणी आणि साखर रात्री उत्तरेकडे जात आणि चहा दक्षिणेकडे येई. सीमाभागातील लोकांना यात फारसे गैर वाटत नसे. वाडवडिलांच्या वाटेनेच ते चालत होते.

बंद केलेले रस्ते

१९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर आयर्लंडमध्ये जो हिंसक संघर्ष भडकला, त्यात सुमारे तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सशस्त्र गट सीमेचा आश्रय घेऊ लागताच ब्रिटिश सेनेने लहान रस्ते बंद करण्यास आरंभ केला. कोठे स्फोटाने रस्त्यात खड्डे पाडण्यात आले, कोठे काँक्रीटचे ठोकळे रोवण्यात आले. गावकरी एकत्र येऊन खड्डे बुजवीत आणि सैनिक ते पुन्हा खणीत. मुख्य रस्त्यांवर तटबंदीच्या चौक्या उभ्या राहिल्या आणि दक्षिण आर्माच्या टेकड्यांवर टेहळणीचे मनोरे आले.

या काळात चौकी ही केवळ अडचणीची जागा राहिली नाही, ती मरणाची जागा झाली. २४ ऑक्टोबर १९९० रोजी डेरी शहराजवळील कॉशक्विन येथे आय. आर. ए. या संघटनेच्या लोकांनी लष्करी तळावर स्वयंपाक करणाऱ्या एका माणसाच्या कुटुंबाला ओलीस धरले आणि त्याला बॉम्बने भरलेले वाहन चौकीवर नेण्यास भाग पाडले. तो स्वतः आणि पाच सैनिक ठार झाले.

बंद रस्त्यांची झळ सामान्य माणसाला रोजच लागे. फर्मानाघ व कॅव्हन यांना जोडणारा अघालेनचा पूल १९७२ साली स्फोटाने उडविण्यात आला आणि पलीकडच्या काठावरील शेजारी दूरचे झाले. शाळा, बाजार, दवाखाना आणि देऊळ यांसाठी मैलोगणती वळसा पडू लागला.

मोकळी वाट

दोन वेगवेगळ्या घटनांनी हे चित्र पालटले. दोन्ही देश १९७३ साली युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले होते. १ जानेवारी १९९३ रोजी युरोपची एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आली आणि सीमेवरील नेहमीचे जकातनाके उठले. पुढे १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्टचा करार झाला व त्याच वर्षी २२ मे रोजी दोन्ही भागांतील जनतेने मतदानाने त्यास मान्यता दिली. चौक्या गेल्या, मनोरे उतरविण्यात आले, बुजलेले रस्ते पुन्हा वाहते झाले. अघालेन येथे १९९९ मध्ये नवा पूल खुला झाला. कराराच्या वाटाघाटींचे अध्यक्षपद सांभाळणारे अमेरिकन सिनेटर जॉर्ज मिचेल यांचे नाव त्यास देण्यात आले आहे.

डब्लिनहून बेलफास्टला जाणारा सुमारे १६५ किलोमीटरांचा महामार्ग आज डंडॉक व न्यूरी यांच्या दरम्यान सीमा ओलांडतो. आपल्याप्रमाणेच दोन्हीकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे तोही बदल जाणवत नाही. लक्षात येतात त्या बारीकसारीक खुणा. दक्षिणेत वेगमर्यादा किलोमीटरांत लिहिलेली असते, उत्तरेत ती मैलांत येते. आयरिश व इंग्रजी अशा दुभाषी पाट्या संपतात. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते. हिरव्या टपालपेट्या लाल होतात आणि युरोच्या जागी पौंड येतो. मात्र तपासणी नाही म्हणजे परवानगीही नको, असे परदेशी प्रवाशाने समजू नये. भारतीय नागरिकास दोन्ही देशांत प्रवेशाचा कायदेशीर अधिकार असावा लागतो. काही अल्पमुदतीच्या व्हिसांवर दोन्ही देशांना चालणारी विशेष नोंद असते. ती नसेल तर दोन स्वतंत्र व्हिसा घेणे प्राप्त आहे. बसमध्ये वा गाडीत अधूनमधून तपासणी होतेही.

पुन्हा एकदा प्रश्न

२३ जून २०१६ रोजी युनायटेड किंग्डमने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा ही विसरलेली रेषा पुन्हा चर्चेत आली. उत्तर आयर्लंडच्या ५५.८ टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिले होते. आता ही रेषा संघाची बाह्य सीमा ठरणार होती, आणि बाह्य सीमेवर माल तपासावा लागतो. पण तपासावयाचा कोठे? दोन्ही शासनांच्या अधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये मोजदाद केली, तेव्हा सीमा ओलांडणारे २०८ सार्वजनिक रस्ते आढळले. इतक्या नाक्यांची उभारणी अशक्यप्राय होतीच. शिवाय नाका आला की पहारा येईल आणि पहारा आला की त्यावर हल्लाही होईल, ही भीती लोकांच्या मनात जिवंत होती.

अखेरीस मालाची तपासणी रस्त्यांवरून उचलून समुद्रावर नेण्यात आली. ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडमध्ये येणारा माल १ जानेवारी २०२१ पासून बंदरांवर तपासला जाऊ लागला. संयुक्त राज्याशी निष्ठा बाळगणाऱ्या पक्षांना हे आपल्याच देशात घातलेले कुंपण वाटले. त्यांच्या तक्रारीनंतर २०२३ साली विंडसर येथील समझोत्याने काही नियम सौम्य करण्यात आले. वाद पुरता मिटलेला नाही. परंतु बेटावरील रस्ते मोकळे राहिले आहेत.

या इतिहासात रेषा शंभर वर्षे जागची हललेली नाही. बदलत गेली ती तिच्यावर होणारी तपासणी, आणि त्या तपासणीबरोबर बदलले सीमेवर राहणाऱ्यांचे जीवन. अघालेनच्या पुलावरून आज जो शेतकरी पलीकडच्या बाजारास जातो, त्याला कोणी थांबवीत नाही. ही साधी गोष्ट घडून येण्यास किती काळ लागला व किती किंमत मोजावी लागली, हे त्या भागातील वडीलधारी माणसे विसरलेली नाहीत.