फुप्फुसातील गाठ आणि रोबोटचे हात

आपल्याकडे खोकल्याला कोणी दुखणे समजत नाही. आजऱ्याचा पाऊस, चुलीचा धूर आणि विडीची सवय, त्यामुळे घरोघरी कोणीतरी खोकतच असतो. पण क्वचित याच खोकल्यामागे फुप्फुसातील कर्करोगाची गाठ असते. अशा गाठीवर आता रोबोटच्या साहाय्यानेही शस्त्रक्रिया करतात. ती कशी, हे पाहू.

उजव्या फुप्फुसाचे ३ व डाव्याचे २ खंड असतात. गाठ एकाच खंडात असेल, तर बहुधा तो खंड व जवळच्या लसीकाग्रंथी काढतात. पूर्वी त्यासाठी छातीवर मोठा छेद घेऊन बरगड्या फाकवाव्या लागत. त्यात मज्जातंतू दुखावत. वेदनेमुळे रुग्णाला नीट खोकता येत नसे व कफ साचे. १९९० नंतर दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. रोबोट ही तिचीच पुढची पायरी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. रोबोट स्वतःहून काही कापत नाही. बरगड्यांमधून सुमारे १ सेंटिमीटरची ४-५ छिद्रे पाडून कॅमेरा व हत्यारे आत सोडतात. सर्जन शेजारी बसून ती चालवतात. चित्र मोठे व खोलीसह दिसते, हत्यार मनगटासारखे वळते आणि हाताचा कंप त्यात उतरत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात रोबोटिक शस्त्रक्रियेची सोय आहे. मात्र खर्च जास्त येतो, रक्तस्राव झाल्यास छाती उघडावीही लागते. शिवाय साध्या दुर्बिणीपेक्षा रोबोटने आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही.

आयुष्य वाढते ते निदान वेळेवर झाल्याने. गाठ पसरल्यावर बहुधा शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही. खोकला, वजन घटणे, बेडक्यातून रक्त, छातीच्या फोटोत डाग ही लक्षणे क्षयाचीही असतात. त्यामुळे काही रुग्णांचे मोलाचे महिने क्षयाच्या औषधांतच जातात.

म्हणून खोकला २ आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. ही तपासणी मोफत होते. बेडक्यात जंतू न सापडल्यास किंवा औषध घेऊनही उतार न पडल्यास सीटी स्कॅन व गाठीचा तुकडा तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. क्षयाची औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि विडी? ती आजच सोडावी.