स्क्रीन प्रिंटिंग : व्हिजिटिंग कार्ड कसे छापतात?
(कार्यानुभव, भाषा आणि गणित)



दिवाळीत अंगणात जाळीच्या छापाने रांगोळी काढलेली तुम्ही पाहिली असेल. छापातल्या भोकांतून रांगोळी खाली पडते आणि झटक्यात फूल तयार होतं. मोंढ्यात पोत्यावर पत्र्याचा साचा ठेवून आडत दुकानाचं नाव रंगवतात, तेही असंच. जिथे भोक आहे तिथे रंग, जिथे भोक नाही तिथे कोरं. स्क्रीन प्रिंटिंगचं मूळ तत्त्व एवढंच आहे.

जाळी कशासाठी?

कागदावर 'व' कोरून बघा. 'व'च्या पोटातला गोल तुकडा निसटून पडतो, कारण त्याला धरून ठेवायला काहीच नसतं. 'ब' आणि 'ष' यांचंही तसंच होतं. जपानमध्ये कापडावर नक्षी छापणारे कारागीर असे सुटे तुकडे रेशमी धाग्यांनी धरून ठेवत. पुढे अख्खं रेशमी कापडच चौकटीवर ताणायची पद्धत आली. इंग्लंडमधल्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. म्हणून तिला 'सिल्क स्क्रीन' असंही म्हणतात. आता रेशमाच्या जागी नायलॉन किंवा पॉलिएस्टरची जाळी वापरतात.

फ्रेम कशी तयार होते?

१) मजकूर संगणकावर जुळवून ट्रेसिंग पेपरवर किंवा फिल्मवर गडद काळा छापून घेतात.
२) ताणलेल्या जाळीला अंधाऱ्या खोलीत प्रकाशाने घट्ट होणारं रसायन लावून वाळवतात.
३) त्यावर तो ट्रेसिंग पेपर ठेवून वरून प्रकाश देतात. उजेड पडलेलं रसायन घट्ट होतं. काळ्या अक्षरांखालचं मऊच राहतं.
४) पाण्याने धुतलं की मऊ भाग निघून जातो आणि अक्षरांपुरती जाळी मोकळी होते.

मग फ्रेमखाली कार्ड ठेवायचं, वर शाई टाकायची आणि रबराच्या पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, एका दाबात ओढायची. कार्ड तयार! रबरी शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात. इथे शाई जाळीतून आरपार खाली जाते, म्हणून वरून बघताना अक्षरं सुलटीच दिसतात. शाईचा थर जाड बसतो, त्यामुळे गडद कागदावरही सोनेरी किंवा पांढरी अक्षरं उठून दिसतात. लग्नपत्रिकांना ही छपाई म्हणूनच शोभते.

एक चूक, शंभर कार्डं

आपल्या जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. ती कापडावर हाताने लिहिलेली. हाताने लिहिताना एखादं अक्षर चुकलं तर ती चूक त्या एकाच जागी राहते. जाळीचं तसं नाही. फ्रेममध्ये चूक राहिली की ती प्रत्येक कार्डावर उतरते.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. समजा, एका मुकादमाने कार्डं छापून घेतली आणि मोबाइल नंबरातला एक आकडा चुकला. टोळीतल्या माणसाच्या घरी अडचण आली, तर फोन लागणार कुणाला? 'दूध' ऐवजी 'दुध', 'आशीर्वाद' ऐवजी 'आर्शिवाद' हेही असंच घरोघरी पोहोचतं.

काही चुका छपाईतही होतात. प्रकाश जास्त वेळ दिला तर बारीक टिंब धुताना उघडत नाही. शाई जाळीत वाळली तरी टिंब बुजतं. मग 'शिंदे' यांचे 'शिदे' होतात! म्हणून फ्रेम बनवण्याआधी प्रूफ वाचायचं आणि छापताना पहिलं कार्डही तपासायचं. प्रूफ घाईत नजरेखालून घालू नये. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून तपासावं. नंबर एकेक आकडा म्हणून वाचावा. शुद्धलेखन फक्त परीक्षेच्या गुणांसाठी नसतं मुलांनो, ते कुणाच्या तरी पोटापाण्याशीही जोडलेलं असतं.

थोडं गणित

९ सेमी × ५.५ सेमी मापाचं कार्ड घेऊ. ए-फोर कागद २१ सेमी × २९.७ सेमी असतो. आडवी २ आणि उभी ५, अशी १० कार्डं एका कागदावर बसतात. १०० कार्डांना १० कागद लागतील. दोन रंग असतील तर प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी, म्हणजे स्क्वीजी २० वेळा ओढावी लागेल.

वर्गात करून पाहूया

साहित्य : भरतकामाची रिंग, जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा, स्टिकर पेपर, घट्ट पोस्टर कलर, जुनी प्लॅस्टिकची पट्टी.

ओढणी रिंगमध्ये घट्ट ताणा. स्टिकर पेपरवर 'व' कोरून (कटर शिक्षकांनीच वापरावा) कापडाच्या खालच्या बाजूने चिकटवा. 'व'च्या पोटातला तुकडाही जागेवर चिकटवा. आता तो पडणार नाही! खाली कागद ठेवून पट्टीने रंग ओढा.

सूचना : छपाईच्या दुकानातली रसायनं आणि थिनर त्वचेला, डोळ्यांना अपायकारक असतात. मुलांनी त्यांना हात लावू नये.

स्वाध्याय

१) कागदी साच्यात कोणकोणत्या अक्षरांचे तुकडे सुटे पडतील? यादी करा.
२) तीन रंगांची २०० कार्डं छापायला स्क्वीजी किती वेळा ओढावी लागेल?
३) घरातली एखादी जुनी लग्नपत्रिका घ्या. जोडीने प्रूफ वाचा आणि सापडलेल्या चुका दुरुस्त करून वहीत लिहा.