शॉकअपच्या आधी रबर बघ

अगं, मिस्त्रीनं "सगळं सस्पेन्शनच गेलंय" म्हटलं म्हणून लगेच मान डोलावू नकोस. नांदेड-लातूर हायवेवर गाडी एकवेळ चालून जाते. खरी परीक्षा लोहा, अहमदपूर, चाकूरकडून गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटा धरतो. तिथं आधी मरतं ते रबर, म्हणजे लोअर आर्मचे नि स्टॅबिलायझरचे बुश. बारीक खड्ड्यावरची खडखड बहुतेकदा त्यांची, नाहीतर बॉल जॉइंटची. शॉकअप गेला की गाडी वाजण्यापेक्षा डुलते, गतिरोधकानंतरही वरखाली होत राहते. त्याच्या अंगावर तेल ओघळून धुळीचा काळा चिकटा बसलेला असतो. वाकून स्वतः बघ, लाजायचं काय त्यात?

दुकानात "वॅगन आरचा द्या" एवढंच सांगून भागत नाही. २०१० मध्ये मॉडेल बदललं, त्या साली पासिंग झालेली गाडी जुनी की नवी हे काउंटरवरच्या पोराला कसं कळणार? आरसीवरचा चॅसिस नंबर दाखव. शॉकअप जोडीनंच बदलायचे, पण पुढचे गेले म्हणून मागचे धडधाकट काढू नकोस. मारुतीचे जेन्युइन महाग वाटले तर गॅब्रिएल घे, त्यांचे कारखाने आपल्याच चाकण-नाशिकला आहेत. खोललंच आहे तर वरचं माउंटिंग, बेअरिंग आणि बंप स्टॉपही तेव्हाच बदल, मजुरी एकदाच पडते. भंगारातला शॉकअप मात्र फुकट दिला तरी नको. गाडी उंच व्हावी म्हणून स्प्रिंगमध्ये रबरी बफरही ठोकू देऊ नकोस, जुन्या गाडीची हाडं खिळखिळी होतात.

आणि एक, हे कुणी सांगत नाही. लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचा आवळायचा नसतो. चाकं टेकून गाडीचं वजन आलं की मग आवळायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं नि लवकर फाटतं. "ताई, काही होत नाही" म्हणत मिस्त्री हसेल. हसू दे, तू तिथंच उभी राहा.

मग अलाइनमेंट करून घे, नाहीतर टायर एका कडेनं झिजतील. आणि काढलेले जुने पार्ट मागून डिकीत टाक. बदललेत की नुसते पुसलेत, ते पैसे देण्याआधीच कळलेलं बरं.